झेवियरने जपान्यांना दिलेलं उत्तर तुम्हाला पटतं का?

वसईवाला
परवा २ नोव्हेंबरला, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, आजीच्या कबरीवर गेलेलो. झेंडू, मेणबत्त्या, वाऱ्याने विझतात म्हणून आई पुठ्ठ्याचा आडोसा धरून बसलेली. शेजारच्या कबरीपाशी एक काकू नवऱ्यासाठी पुटपुटत होत्या, तो माणूस आयुष्यात चर्चची पायरी चढला नव्हता. मला एकदम फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या कॅथलिक धर्मप्रचारक संताचं पत्र आठवलं. १५४९ ते ५१ जपानात होता, तिथून आल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना लिहिलंय. बाप्तिस्मा घेतलेले जपानी विचारायचे की आमचे आईबाप, आजेपणजे तुमच्या देवाचं नाव न ऐकताच गेले, प्रार्थना करून, दानधर्म करून त्यांची नरकातून सुटका होईल का. हा म्हणाला, 'नाही, होणार नाही'. रडायचे बिचारे, आणि इलाजच नसलेल्या गोष्टीवर जिवलग दोस्त रडताना बघून मलाही वाईट वाटतं असं हाच लिहितो! गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये त्याच्या शवपेटीसमोर हात जोडलेत मी, पण हे उत्तर काही गळी उतरत नाही. मेलं की फाईल बंद?

नगरकर७२
गळी उतरत नाही म्हणून वचन बदलत नाही दादा. बायबलमधलं इब्री ९:२७ बघा, एकदाच मरण आणि मग न्याय. मत्तय २५ च्या शेवटी एकाच ओळीत सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन दोन्ही आहे, शिक्षा तात्पुरती म्हणाल तर स्वर्गही तात्पुरता धरा, हे संत ऑगस्टीन या धर्मपंडिताने पाचव्या शतकातच सांगून ठेवलंय. आम्हा प्रोटेस्टंटांकडे मयताला पाळक प्रार्थना करतात ती घरच्यांसाठी, गेलेल्यासाठी नाही. मेणबत्तीने त्याचं काही होत नाही.

शंकेखोर
त्या ओळीतल्या 'सार्वकालिक'साठी मूळ ग्रीक शब्द आयोनिओस, तो 'आयोन' म्हणजे युग यावरून आलाय, त्याचा अर्थ अनंतच का यावर वाद आहे. निसाचा बिशप ग्रेगरी चौथ्या शतकात म्हणत होता की शिक्षा म्हणजे सोनं भट्टीत घालणं, मळ जळेपर्यंतच, आणि त्याला तुम्ही लोक संत मानता. ७० वर्षांच्या पापाला न संपणारी शिक्षा हे कुठलं गणित, आपल्याकडे जन्मठेपवाल्यालाही फर्लो मिळतो.

नगरकर७२
हेच आधी ओरिजेन नावाचा धर्मपंडित म्हणाला, आणि ५५३ च्या चर्चच्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या वेळी त्याचा धिक्कार झाला. ते बरं सोयीस्कर विसरलात.

सदाशिवपेठी
मध्येच तोंड घालतो. आमचा नरक मुदतीचा, भोग संपला की परत जन्माला या, रांगेत उभे रहा.

शंकेखोर
सरसकट नाही हो. मध्वाचार्यांच्या द्वैत मतात तमोयोग्य (मूळ स्वभावानेच अंधाराच्या लायकीचे) जीव अंधतमसात, म्हणजे घोर अंधाराच्या नरकात जातात ते कायमचे, परतीचं तिकीट नाही.

सदाशिवपेठी
अरे बापरे. हे माहीत नव्हतं.

टीचरबाई_वसई
दोन गोष्टींची खिचडी झालीये इथे. मेणबत्ती आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) असते ती शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होण्याच्या जागेतल्या आत्म्यांसाठी, तिथले सगळे उशिरा का होईना स्वर्गातच जातात. नरक कायमचा, ही शिकवण अजून तीच आहे. बदललंय ते तिथे कोण जातं याबद्दल. १९६४ च्या लुमेन जेन्शियम या कॅथलिक चर्चच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलंच नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, विवेकाला धरून जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आणि चर्चने इतके संत जाहीर केले, पण अमका नरकात आहे असं अधिकृतपणे एकाचंही नाव घेतलं नाही, येशूला दगा देणाऱ्या यहूदाचंसुद्धा. तेव्हा काकूंना पुटपुटू दे.

नगरकर७२
म्हणजे वचन तेच आणि अर्थ सोयीने. वा.

वसईवाला
टीचर, मग त्या जपान्यांना चारशेहून जास्त वर्षं आधी चुकीचं उत्तर मिळालं असंच ना? ती माणसं तर आईबाप जळतायत असं समजूनच मेली. काल आईला सगळं पत्र सांगितलं, वाटलं तीही चिडेल. ती म्हणाली, निदान थाप तरी मारली नाही त्याने. आता यावर काय बोलू.