जिन्याखालच्या मांजरीला हात लावण्याआधी

सी-३०१ | रविवार, सकाळी १०.१२
नमस्कार. सी विंगच्या जिन्याखाली जुन्या सायकली उभ्या असतात, त्या कोपऱ्यात साधारण तीन आठवड्यांपासून राखाडी पट्ट्यांची एक मांजरी राहत आहे. मी आणि माझी मुलगी तिला रोज संध्याकाळी खायला ठेवतो. ती खाते, परंतु आम्ही चार पायऱ्या वर चढून गेल्याशिवाय बाहेर येत नाही. काल मुलीच्या हट्टाखातर मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणायला गेले. तिने माझ्या मनगटावर बोचकारले आणि ती पंपाच्या खोलीमागे पळाली. कालपासून तिने ताटलीला तोंड लावलेले नाही. माझी चूक झाली, हे मला कळते. तिचा विश्वास पुन्हा मिळवता येईल का, हे ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

ए-१०२ | सकाळी १०.४१
ताई, मांजरीचे नंतर बोलू, आधी मनगटाचे पाहा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुतली होती का? धुतली असली तरी आजच डॉक्टरांना दाखवा आणि रेबीजच्या लशीबद्दल त्यांना स्पष्टपणे विचारा. मांजराचा दात लागला असेल, तर जखम वरून टोचल्याएवढी दिसते, पण आत खोलवर गेलेली असते आणि ती फार लवकर चिघळते.

सी-३०१ | सकाळी १०.५०
काकू, फक्त नखे लागली आहेत. जखम कालच नीट धुतली आणि रात्री डॉक्टरांकडे जाऊन आले. लशीचा पहिला डोस घेतला आहे.

ए-१०२ | सकाळी ११.३५
फार बरे केलेत. आता सविस्तर लिहिते. गेल्या काही वर्षांत मी अशा तीन बुजऱ्या मांजरी माणसाळवल्या आहेत आणि तिन्ही वेळा सुरुवातीला तुमच्यासारखीच घाई केली होती.

मांजर शिकार करते, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु आकाराने लहान असल्यामुळे मोठ्या प्राण्यांकडून तिची स्वतःचीही शिकार होऊ शकते, हे आपण विसरतो. त्यामुळे वरून झेपावणारा हात, अंगाभोवती आवळलेले कापड आणि पळायला न उरलेली वाट या तीन गोष्टी एकत्र आल्या, की आता जीव जाणार असेच तिला वाटते. तुम्ही तिच्या भल्यासाठी आला होतात, हे तिला कळण्याचा काही मार्ग नव्हता. तिने राग धरलेला नाही, ती भेदरली आहे, आणि भीती समजावून जात नाही. पुढचे अनेक दिवस काहीही वाईट घडले नाही, तरच ती हळूहळू ओसरते.

म्हणून आजपासून तिच्या मागे जाणे पूर्ण थांबवा. पंपाच्या खोलीमागे डोकावू नका, मुलीलाही डोकावू देऊ नका. ताटली नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळेला ठेवा आणि निघून या. तेवढी एक गोष्ट मात्र रोज तपासा, ती म्हणजे खाणे संपते आहे की नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली, तर तिच्या यकृतात चरबी साचून ती गंभीर आजारी पडू शकते. उद्या संध्याकाळपर्यंत ताटली तशीच राहिली, तर मला कळवा. आपण प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारू.

एक प्रश्न आहे. ती तुमच्याकडे पाहून कधी ‘म्याव’ करते का?

सी-३०१ | सकाळी ११.४२
हो, पहिल्या आठवड्यात दोनदा केले होते. मी लिफ्टमधून बाहेर आले, तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहून ती हळू आवाजात ओरडली होती. मी एक पाऊल पुढे टाकताच ती आत गेली.

ए-१०२ | दुपारी १२.०५
मग आशेला चांगली जागा आहे. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी बोलताना म्याव फारसे करत नाहीत. तो आवाज मुख्यतः माणसासाठी राखलेला असतो. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा प्रेमळ स्पर्श मिळाला, तर माणूस हा धोका नव्हे, ही समजूत त्याच्यात पक्की बसते. तो काळ माणसांवाचून गेला, तर मोठेपणी तिला माणसाळवणे फार कठीण होते आणि काही मांजरी कधीच कोणाच्या मांडीवर येत नाहीत. आपली मांजरी तोंडाकडे पाहून बोलते, म्हणजे कधीतरी ती कोणाच्या तरी घरात राहिलेली असावी आणि कोणीतरी तिला बाहेर सोडून दिले असावे. हा माझा अंदाज आहे, पण तो खरा असेल, तर तिला नव्याने काही शिकवायचे नाही. मोडलेले तेवढे सांधायचे आहे.

बी-२०४ | दुपारी १२.४८
माझे मत थोडे वेगळे आहे, ते कोणी मनावर घेऊ नये. मांजरीशी माझे वैर नाही. परंतु सकाळी एक जण दूध ठेवतो, दुपारी दुसरा उरलेसुरले टाकतो, संध्याकाळी तिसरा काही ठेवतो. ताटल्यांना मुंग्या लागतात, पार्किंगमध्ये घाण होते आणि ती साफ करायला कोणीही येत नाही. उद्या हिला पिल्ले झाली, तर पुढे काय करायचे, याचाही विचार व्हावा.

ए-१०२ | दुपारी १.२०
भाऊसाहेब, तुमचे तिन्ही मुद्दे योग्य आहेत आणि मांजरीच्या विश्वासाशी त्यांचा थेट संबंध आहे, म्हणून इथेच उत्तर देते.

दूध ठेवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, ते आजपासून बंद करा. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात. पार्किंगमधली बरीचशी घाण त्यातून झालेली असू शकते. आपल्या जेवणातले उरलेलेही देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजरांसाठी विषारी असतात. मांजरांसाठी मिळणारे खाद्य आणि एका वेगळ्या पसरट भांड्यात स्वच्छ पाणी, एवढे तिला पुरे आहे.

पाच जणांनी पाच वेळांना खायला घातले, तर तिचे पोट भरते, पण ती ओळखू लागेल असा माणूस कोणीच उरत नाही. म्हणून खायला घालणारी व्यक्ती एक, जागा एक आणि वेळ एक, असे आपण ठरवू. सी-३०१ च्या ताई तयार असतील, तर ते काम त्यांच्याकडे राहू द्यावे. वीस मिनिटांनी ताटली उचलली, की मुंग्या लागत नाहीत. सायकलींच्या मागे वाळू भरलेला एक पसरट ट्रे ठेवू. रोज सकाळी तो मी स्वतः साफ करीन.

पिल्लांचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. त्यामुळे विश्वास मिळवण्यामागचा पहिला हेतू तिला मांडीवर घेणे हा नसून, तिला न घाबरवता डॉक्टरांपर्यंत नेणे आणि तिची नसबंदी करणे हा असला पाहिजे. तिच्या एखाद्या कानाचे टोक सरळ कापलेले दिसते का, हे लांबूनच कोणी पाहील का? भटक्या मांजरींची नसबंदी झाल्याची ती खूण असते.

डी-४०२ | दुपारी २.१५
मी आताच गच्चीच्या जिन्यावरून तिचा मोबाइलवर मोठा करून फोटो काढला. दोन्ही कान पूर्ण आहेत. उजव्या कानाच्या कडेला जुनी, वेडीवाकडी चीर आहे, पण ती कापल्याची वाटत नाही.

ए-१०२ | दुपारी २.३०
धन्यवाद. म्हणजे नसबंदी झालेली नाही, असे धरून चालू. ताई, आता रोज काय करायचे, ते लिहिते.

ताटली ठेवण्याआधी तिच्यावर चमच्याने दोनदा हलकेच वाजवा. काही दिवसांत तो आवाज तुमची ओळख होईल. मात्र हातातल्या किल्ल्या आणि चुरचुरणारी प्लास्टिकची पिशवी वर ठेवून या. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६०,००० च्याही पुढचे. किल्ल्यांचा आपल्याला साधा वाटणारा खुळखुळाट तिच्या कानांना फार तीक्ष्ण लागत असणार.

ती पुन्हा खाऊ लागली, की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वर न जाता पाचव्या पायरीवर बसा. तिच्याकडे तोंड करून नव्हे, कुशीला वळून बसा. उभा माणूस तिला फार मोठा दिसतो आणि रोखलेली नजर तिला धमकी वाटते. पुस्तक वाचा, नाहीतर नुसत्या बसून राहा. दोन-तीन दिवसांनी एक पायरी खाली या. ती खाताना मागचे पाय पोटाखाली घट्ट गोळा करून, वजन मागे ठेवून, मान तेवढी लांब करून खात असेल, तर तुम्ही फार जवळ आला आहात, असे समजा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी वर जा. चारही पाय मोकळे टेकवून खात असेल, तर ते अंतर तिला मान्य आहे. अंतर नेहमी तिनेच ठरवायचे. आपण फक्त ते वाचायचे.

डी-४०२ | दुपारी २.५२
काकू, मांजरीकडे पाहून डोळे हळूहळू मिटले, तर ती जवळ येते, असे मी वाचले आहे. त्यात तथ्य आहे का? आणि हात लावण्याची वेळ आली, हे कसे ओळखायचे?

ए-१०२ | दुपारी ३.२५
तथ्य आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली, की मांजरेही तसाच प्रतिसाद अधिक वेळा देतात, आणि अनोळखी माणसाने तसे केल्यावर त्याने पुढे केलेल्या हाताकडे येण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. पण ती कळ दाबून दिवा लावण्यासारखी युक्ती नाही. तिने आपणहून तुमच्याकडे पाहिले, तरच एकदा डोळे सावकाश मिटायचे, उघडायचे आणि नजर बाजूला वळवायची.

हाताचे म्हणाल, तर पहिला स्पर्श तिने करायचा असतो, आपण नव्हे. ती हातभर अंतरावर येऊन स्वस्थ बसू लागली, की एक बोट किंचित वाकवून तिच्या नाकाच्या उंचीवर, तिच्यापासून वीतभर लांब, स्थिर धरा. ती वास घेईल आणि मागे जाईल. असे अनेकदा होईल. एखाद्या दिवशी ती त्या बोटावर गाल घासेल. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर आणि कपाळावर गंधग्रंथी असतात. गाल घासून ती आपला वास तुमच्यावर ठेवते. त्या दिवशी फक्त गालावरून दोन-तीनदा बोट फिरवा आणि हात मागे घ्या. हात मागे घेणे हे पुढे करण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण नको तेव्हा हा हात थांबतो, हे तिला त्यातूनच कळते. पोटाला हात लावू नये, ती पोट वर करून लोळली तरी नाही. शेपटीचे टोक आपटू लागले, कान आडवे झाले किंवा पाठीची कातडी थरथरली, तर तत्काळ थांबावे. गुरगुर ऐकू आली, म्हणजे ती खूश आहे, असेही धरू नका. मांजरे दुखत असतानाही गुरगुरतात.

सी-३०१ | सोमवार, रात्री ८.३०
आज ताटली रिकामी झाली. मी गेल्यानंतर खाल्ले असावे, पण खाल्ले.

सी-३०१ | पुढील आठवडा, शुक्रवार, रात्री ८.०५
आता मी दुसऱ्या पायरीपर्यंत आले आहे. आज तिने आधी अर्धे खाणे संपवले, मग ती मान लांब करून माझ्या चपलेपाशी आली. पट्ट्याचा वास तिने इतका वेळ घेतला, की तिच्या मिशा माझ्या अंगठ्याला लागल्या. मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. मुलगी वरच्या वळणावर बसून पाहत होती आणि तिनेही आवाज केला नाही. परंतु सकाळी सहा वाजता जिना झाडायला सुरुवात झाली, की मांजरी पंपाच्या खोलीमागे पळते आणि दुपारपर्यंत येत नाही.

बी-२०४ | रात्री ८.२०
सफाईचे मी बोलतो. उद्यापासून सी विंगचा जिना सर्वांत शेवटी झाडला जाईल आणि सायकलींचा कोपरा आठवड्यातून एकदाच, तोही ताई सांगतील त्या वेळी. आणखी एक सुचवतो. गेले दोन दिवस सकाळी ती माझ्या गाडीखाली बसलेली दिसते. सर्वांनी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोनदा थाप मारावी आणि खाली वाकून पाहावे.

ए-१०२ | रात्री ८.३१
भाऊसाहेब, मनापासून आभार. ताई, माझ्याकडे मांजर न्यायचा पिंजरा आहे, तो उद्या आणून देते. त्याचे दार काढून ठेवू, आत तुमचा जुना सुती कपडा अंथरू आणि तो ताटलीपासून चार फरशा लांब ठेवू. ती आपणहून आत जाऊन खाऊ लागेपर्यंत, मग दोन आठवडे लागोत की सहा, दार बसवायचे नाही. दवाखान्यात नेताना पिंजऱ्यावर चादर टाकायची, म्हणजे बाहेरचे काही दिसून ती बिथरणार नाही. शस्त्रक्रियेनंतर तिला घरी ठेवायचे असेल, तर पहिले काही दिवस एकाच लहान खोलीत ठेवा. एकदम सगळे घर मोकळे मिळाले, तर ती पलंगाखालून बाहेर येणार नाही.

सी-३०१ | त्यापुढील गुरुवार, रात्री ८.१२
आज तिने पिंजऱ्यात पुढचे दोन पाय ठेवून खाल्ले. मागचे दोन बाहेरच होते. पण खाताना पहिल्यांदाच तिची पाठ माझ्याकडे होती, आणि एक कान तेवढा मागे वळलेला होता.