अर्धशिशी आणि सार्वजनिक ठिकाणचे दिवे : चष्मा कोणता घेऊ?

सावलीतली_चिमणी
सहा वर्षं अर्धशिशी आहे. घरी मंद पिवळ्या दिव्यावर निभावतं, पण अभ्यासिकेत, दवाखान्यात नंबर लावून बसले की किंवा मोठ्या दुकानात अर्ध्या तासात डाव्या डोळ्यामागे ठणका लागतो. अभ्यासिकेत माझ्या डोक्यावरच जुनी ट्यूब आहे, दोन्ही टोकं काळी पडलेली. ती लपलपते, बाकी कोणाला जाणवतच नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. बाहेर वापरायला चष्मा सुचवा. नंबर नाही. स्वस्तातलाच हवा.

दर्यावर्दी
चांगल्यातला काळा पोलराइज्ड गॉगल घ्या. महाग पडतो, पण माझा दहा वर्षं झाली, एक ओरखडा नाही. मी सभागृहातही काढत नाही.

निशिगंध
ताई, आत बसताना काळा गॉगल अजिबात नको. मी दोन वर्षं हेच केलं. डोळे अंधाराला सरावले आणि मग साधा उजेडही सुईसारखा टोचायला लागला. रात्री फ्रिज उघडताना डोळे मिटून घ्यायचे मी. ती सवय मोडायला चार महिने गेले. उन्हात घाला, छताखाली नाही.

मधुकर७१
पोलराइज्ड काच पाण्यावरून, रस्त्यावरून येणारी चकाकी मारते. ट्यूबच्या लपलपीवर तिचा इलाज नाही.

दर्यावर्दी
मला फरक पडला आहे, मी अनुभवाचं सांगतोय.

कोवळं_ऊन
कॉम्प्युटरवाला ब्लू कट घे गं, निळा प्रकाश अडवणारा. मी घेतलाय, छान आहे.

पाऊलखुणा
ब्लू कटवर पैसे घालवू नका, मी घालवलेत. डोळ्यातल्या ज्या पेशी अर्धशिशीत उजेडाची कळ वाढवतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात. बहुतेक ब्लू कट काचा त्याच्या अलीकडचाच प्रकाश अडवतात. एफएल-४१ नावाची गुलाबीसर छटा मागा. १९९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या अभ्यासात अर्धशिशीच्या मुलांना ती दिली, तेव्हा महिन्याला सहाच्या आसपास येणारे झटके दोनच्या आत आले. माझ्याकडे तीन आहेत : घरचा, ऑफिसचा, गाडीतला. स्वस्त नाहीत, पण डोकं आपलंच आहे.

कोवळं_ऊन
मला तर ब्लू कटनेच बरं वाटतं.

दिवेवाला_मामा
पंचवीस वर्षं वायरिंग करतोय. चष्म्याआधी ट्यूब बघा. जुन्या लोखंडी चोकवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, कारण वीज ५० हर्ट्झची. इलेक्ट्रॉनिक चोकवर तेच सेकंदाला वीस हजारांच्या वर जातं, मग त्रास होत नाही. १९८९ मध्ये एका ऑफिसात असा बदल करून पाहिला, तर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. टोकं काळी म्हणजे ट्यूब संपत आलीये. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा, पट्टे सरकताना दिसले की समजा.

रानवाट
सरळ एलईडी लावा म्हणावं, विषय संपला.

मधुकर७१
कसला संपला? आमच्या ऑफिसात एलईडी आले तेव्हापासूनच माझं डोकं उठलंय.

दिवेवाला_मामा
ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा आतला भाग, हलका असेल तर एलईडीही लपलपतो. डिमरवर तर हमखास. दोष दिव्याचा नाही, आतल्या मालाचा.

रानवाट
मग हिरवा दिवा. हार्वर्डच्या रॅमी बर्स्टीन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की मंद हिरव्या उजेडाचा त्रास सगळ्यात कमी. माझ्या खोलीत तोच आहे.

निशिगंध
अहो, ती अभ्यासिकेचं विचारतेय, तिथे हिरवा दिवा कोण लावून देणार?

सावलीतली_चिमणी
सगळ्यांचे आभार. चष्मा तूर्त घेत नाही, कुठलाच. मामा, काल शूट केलं. काळे पट्टे वरून खाली सरकताना स्पष्ट दिसले. व्यवस्थापकांना दाखवलं. ते आधी म्हणाले कोणाचीच तक्रार नाही, मग दोनदा पाहिलं आणि ट्यूब-चोक बदलतो म्हणाले. तोवर खिडकीजवळची जागा आणि पुढे झाप असलेली टोपी. काल तीन तास बसले, ठणका आला नाही. सहा वर्षं वाटत होतं, माझंच डोकं नाजूक. पट्टे दिसले तेव्हा रडू आलं.

पाऊलखुणा
टोपीने वरचाच उजेड अडतो. एफएल-४१ एकदा लावून तरी बघा.

निशिगंध
खिडकी पूर्वेची आहे का गं? मग सकाळी पाठमोरी बस. समोरच्या पांढऱ्या पानावर ऊन पडलं की तेही चढतं.