‘नियामक गुणवत्ता’ की ‘नियमनाचा दर्जा’?

प्रश्न (लातूर) : पदवीच्या अर्थशास्त्राच्या टिपणांत ‘नियामक गुणवत्ता आणि थेट परकीय गुंतवणूक’ असे एक प्रकरण आहे. ‘नियामक’ म्हटले की विद्यार्थ्यांना सेबी (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारे मंडळ) किंवा वीज नियामक आयोग आठवतो आणि त्या संस्थांचीच गुणवत्ता मोजली जाते, असा अर्थ ते लावतात. काही जण तर नियम जितके कमी तितकी गुणवत्ता अधिक, असे उत्तरपत्रिकेत लिहितात. या संज्ञेचा नेमका अर्थ काय घ्यावा?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : मॅडम, पहिला गोंधळ शब्दामुळेच होतो. ‘नियामक’ हे मुळात विशेषण असले तरी नियमन करणारी संस्था या अर्थाने ते आता नामासारखे रुळले आहे. म्हणून मी ‘नियमनाचा दर्जा’ असे लिहितो. जागतिक बँकेच्या सुशासन निर्देशकांत, ज्यांची आकडेवारी १९९६ पासूनची आहे, कारभाराची सहा अंगे धरली आहेत आणि हे त्यांपैकी एक आहे. खासगी उद्योगाला वाव देणारी धोरणे व नियम आखून ते अमलात आणण्याची सरकारची क्षमता कितपत आहे, याविषयी उद्योजक, तज्ज्ञ आणि नागरिक यांची जी धारणा असते, तिचे हे मोजमाप आहे. नियमांची संख्या त्यात कोठेही येत नाही.

दुसरा गोंधळ मला अधिक घातक वाटतो, कारण त्यात ‘नियमन’ आणि ‘नियंत्रण’ एकच मानले जातात. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या नावात नियमन होते, पण बहुतेक परकीय कंपन्यांना भागभांडवलातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावणारी त्याची तरतूद हे उघड नियंत्रण होते, आणि त्याच दशकाच्या अखेरीस कोका-कोला व आयबीएम यांनी देश सोडला. त्याच्या जागी १९९९ मध्ये आलेल्या कायद्याच्या नावात ‘व्यवस्थापन’ हा शब्द आहे.

तरीही कडक नियम एक वेळ परवडतो, बेभरवशाचा परवडत नाही. व्होडाफोनच्या करप्रकरणी जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिल्यावर त्याच वर्षी पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे आधीच्या व्यवहारांनाही लागू होईल असा, कायदा बदलला गेला, आणि ती तरतूद मागे घ्यायला २०२१ चा ऑगस्ट उजाडला. शेअर बाजारातला पैसा एका दिवसात काढता येतो. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत उभा केलेला कारखाना, म्हणजेच थेट गुंतवणूक, उचलून नेता येत नाही. म्हणूनच भूसंपादन, एनए (जमिनीच्या बिगरशेती वापराची परवानगी), वीज, पाणी, कर यांचे नियम पुढची वीस वर्षे कसे राहतील, हा प्रश्न थेट गुंतवणूकदार आधी विचारतो, आणि न्यायालये संथ असलेल्या विकसनशील देशांत त्या प्रश्नाचे वजन आणखी वाढते.

पूरक नोंद (नांदेड) : सरांचे विवेचन पटले, मात्र ‘दर्जा सुधारला की गुंतवणूक येतेच’ असे सरधोपट विधान टिपणांत नसावे. चीनचे या निर्देशकावरील गुण फारसे चांगले नसतानाही बाजारपेठेच्या आकारामुळे तेथे प्रचंड भांडवल गेले आणि अंगोलात ते तेलासाठी गेले. शिवाय ‘विनियम’ आणि ‘विनिमय’ यांची छपाईत वारंवार अदलाबदल होते. विनियम म्हणजे कायद्याने दिलेल्या अधिकारात एखाद्या मंडळाने केलेले नियम, तर विनिमय म्हणजे देवाणघेवाण. सेबीच्या मराठी नावात ‘विनिमय’ आहे, आणि तीच संस्था ‘विनियम’ काढते!

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : दुरुस्ती मान्य आहे. मग मॅडम, टिपणात वाक्य असे घ्यावे : ‘बाजारपेठ, साधनसंपत्ती आणि पायाभूत सोयी सारख्या असतील, तर नियमनाचा दर्जा चांगला असलेल्या देशाकडे थेट परकीय गुंतवणुकीचा ओढा अधिक असतो.’ ‘व्यवसाय सुलभता’ हा शब्द येथे पर्याय म्हणून वापरू नये; ती जागतिक बँकेची वेगळी क्रमवारी होती आणि आकडेवारीतील गैरप्रकारांनंतर २०२१ मध्ये ती बंद झाली.