फॉर्मालिनची पट्टी कोणाच्या हातात द्यायची?

मडगावचा खवय्या: जुलै २०१८ आठवतोय? अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात छापा घातला, मासळीत फॉर्मालिन सापडलं. मग प्रयोगशाळेचा निर्वाळा आला: प्रमाण 'मर्यादेत'! अहो, ज्यात मुडदे टिकवतात त्याची मर्यादा कसली? मासळीत ते घालायलाच परवानगी नाही. पुढे सरकारने परराज्यातली मासळीच काही दिवस बंद केली.
कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मालिन ओळखणारं कागदी पट्टीचं किट काढलंय. पट्टी माशाच्या अंगावर घासायची, वर औषधाचा थेंब, रंग तक्त्याशी ताडायचा. काही मिनिटांचं काम, खर्चही फार नाही. प्रत्येक बाजाराच्या दारात का नाही?

रसायनमास्तर: आणि बोंबलाचं काय करणार? तो मेल्यावर त्याच्या अंगातच फॉर्माल्डिहाइड, म्हणजे फॉर्मालिनमधलंच रसायन, तयार होतं. ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो, तो फुटतो. घातलेलं कोणतं नि झालेलं कोणतं, पट्टीला काय कळणार?

वसईची लेक: माझी आई मासळी विकते. कल्ले उघडून, बोटाने दाबून, नाक मुरडून भाव पाडणारं गिऱ्हाईक परवडलं. पट्टीवाला आधी मोबाईल काढणार. रंग बदलला की व्हिडिओ गावभर, आणि पाटी तशीच घरी. तो तोटा कोण भरून देणार?

मडगावचा खवय्या: मास्तर, बोंबलापायी बांगडा-इसवणही तपासायचा नाही? कुत्र्याने भुंकावं, चोर पोलिसांनी पकडावा. पट्टीने संशय घ्यायचा, शिक्षा प्रयोगशाळेच्या अहवालावर.

रसायनमास्तर: भुंकल्यावर लोक धावतात कोळणीच्या अंगावर! ट्रकवाला तोवर पुढच्या गावात. त्याच वर्षी केरळने 'ऑपरेशन सागर राणी'त चेकपोस्टवरच ट्रक अडवून हजारो किलो मासळी पकडली. पट्टी तिथे वापरा, मी टाळ्या वाजवीन.

वसईची लेक: चेकपोस्ट ठीक आहे. पण आई पहाटे अंधारात व्यापाऱ्याकडून बर्फातला माल उचलते, तेव्हा तिला कोण सांगतं आत काय आहे? पट्ट्यांची एक डबी तिच्या कमरेच्या पिशवीत असू दे. पैसे मोजायच्या आधी ती घासून बघेल.

मडगावचा खवय्या: हे मला सुचलं नव्हतं. पण व्यापारी तिला पट्टी घासू देईल?

वसईची लेक: एकटीला नाही देणार. दहाजणी मिळून गेल्या तर बघू कसा नाही म्हणतो.