मदत हवी आहे: डोंगरपड (डोंगरावरची पडीक जमीन) राखण्यासाठी पाच गावांची संस्था कशी उभारावी?

नमस्कार मंडळी. मी गगनबावडा तालुक्यातला, कुंभी नदीकाठचा. आमच्याकडचा बराचसा डोंगर वनखात्याचा नाही, मालकीचा आहे. दरवर्षी वणवा लागतो, झाडं तुटतात, आणि पावसात माती वाहून कुंभीतून थेट पंचगंगेत जाते. एकट्या गावानं राखून भागत नाही, कारण आग शीव बघून थांबत नाही. म्हणून पाच गावच्या जमीनमालकांना एकत्र आणायचं चाललंय.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १९८६ साली शेतकरी आणि सरकारनं मिळून 'लँडकेअर' सुरू केलं. जमीन मालकाचीच राहते, गट रोपं आणि माहिती पुरवतो, राबणं सगळ्यांचं. मला हेच हवंय.

घोडं अडलंय ते भीतीपाशी. कागद म्हटला की म्हातारी माणसं पहिलं विचारतात, "सातबाऱ्यावर इतर हक्कात नाव चढणार न्हाई न्हवं?" त्यांचं चुकत नाही. जमिनी गेलेल्या त्यांनी डोळ्यांनी बघितल्यात. मालकीला धक्का लागणार नाही असा साधा करार कुणी केलाय का? मसुदा मिळाला तर फार उपकार होतील.

दुसरं, नोंदणी कशात करावी? १८६० चा संस्था नोंदणी कायदा, की सहकारी संस्था? जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, पण ती एका गावापुरती. पाच समित्यांना एकत्र बांधता येतं का?

राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याकडं कुणी असं काम केलं असेल तर कळवा. आम्ही येऊन बघू. शिमग्याच्या आत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढायच्या आहेत.