आईच्या मोबाइलवर दिवाळीची खरेदी: काय खबरदारी घ्यावी?

लालबागची लेक
आई ६८ वर्षांची, लालबागला चाळीत एकटी राहते. मी डोंबिवलीला. गुडघ्यांमुळे यंदा तिला दादरच्या गर्दीत जाववत नाही, म्हणून उटणं, पणत्या, नातवाचे कपडे सगळं मोबाइलवरून मागवतेय. परवा तिला मेसेज आला: पत्ता अपूर्ण आहे, २५ रुपये भरा, नाहीतर पार्सल परत जाईल. खाली लिंक. आमच्या मजल्यावर एकाच आडनावाची चार बिऱ्हाडं आहेत, कुरियरवाले खरंच गोंधळतात, त्यामुळे तिला ते पटलंही. सुदैवाने आधी तिने मला फोन केला. तिची खरेदी मला बंद करायची नाही. भाऊबीजेपर्यंत ती निर्धास्त राहावी म्हणून काय करू?

भांडुपचा काका
ताई, बँकेच्या काउंटरवरून निवृत्त झालो, आता सोसायटीतल्या ज्येष्ठांचे मोबाइल बघून देतो.

सगळ्यात आधी खातं वेगळं करा. पेन्शन येते आणि एफडी आहे, ते खातं यूपीआयला जोडलेलं नको. दुसऱ्या साध्या बचत खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा आणि यूपीआय फक्त त्यावर चालवा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

त्या मेसेजवाल्यांना २५ रुपये नकोच असतात. लिंकवर कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा गुप्त आकडा) भरून घेतात, किंवा एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप चढवणारी फाइल, उतरवायला लावतात. ती फाइल फोनवर चढली की आईचे एसएमएस तिकडे वाचले जाऊ शकतात, ओटीपीसकट.

आणि ओटीपीचं. 'कुणालाच देऊ नकोस' एवढंच सांगून भागत नाही, कारण काही पार्सलांचा ओटीपी दारातल्या पोराला खरोखरच द्यावा लागतो. म्हणून आईला मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. बँकेच्या ओटीपीत बहुधा रक्कम लिहिलेली असते. रक्कम दिसली की तो कुणालाही सांगायचा नाही. डिलिव्हरीचा ओटीपी पार्सल हातात आल्यावरच द्यायचा. 'खाली उभा आहे, ऑर्डर कॅन्सल करायला ओटीपी सांगा' असं फोनवर कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्यायचा.

माटुंगा_८८
यूपीआय सर्कल बघा. २०२४ मध्ये आलं. आई क्यूआर स्कॅन करणार, मंजुरी तुमच्या मोबाइलवर येणार, पिन तुम्ही टाकणार. पैसे तुमच्या खात्यातून जातात.

भांडुपचा काका
सोय चांगली आहे, पण मला ती सरसकट पटत नाही. ज्या बाईने आयुष्यभर घरखर्च सांभाळला, तिने पणत्यांसाठी लेकीची परवानगी का घ्यावी? आईला आधी विचारा. तिला नको असेल, तर स्वतःच्या खात्यात कमी पैसे ठेवणं जास्त सन्मानाचं.

एक राहिलं. रिफंडच्या नावाने कुणी क्यूआर पाठवला, तर स्कॅन करायचा नाही. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा, मी आमच्याकडे सगळ्यांना तेच करून दिलंय.

लालबागची लेक
काका, खूप आभार. खातं उद्याच उघडते. लिंक उघडलीच नव्हती, तरी तक्रार करायची का?

भांडुपचा काका
जरूर करा. पैसे गेले नसतील तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' या संशयास्पद मेसेज कळवायच्या सोयीत तो मेसेज कळवा. पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावायचा आणि बँकेलाही कळवायचं. चोर रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात, ती काढून घेण्याआधी वाटेत गोठवता आली तरच परत मिळायची आशा असते. नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि शेजारच्या बिऱ्हाडालाही देऊन ठेवा.