‘४६ व्या वर्षी राजीनामा, आता कोकणात राजासारखा’ – कुठला राजा?

पडवीतला

कालपासून ती पोस्ट ज्याच्या त्याच्याकडून येतेय. पुण्याचा आयटीवाला, ४६ व्या वर्षी राजीनामा, दापोलीजवळ आजोबांचं घर. सकाळी समुद्र, दुपारी वाचन, संध्याकाळी ताजी मासळी, महिन्याचा खर्च वीस हजार. शेवटी आपल्यालाच प्रश्न, ‘तुम्ही अजून कशाची वाट बघताय?’ खाली बदामांचा पाऊस. एकानेही विचारलं नाही की बाबा रे, हे तू कुठल्या महिन्यात लिहितोयस? मी सांगतो. फोटोत आंब्याला मोहोर आहे आणि अंगणात गारव्याचं ऊन आहे. म्हणजे जानेवारी. जानेवारीत कोकणात राहायला अक्कल लागत नाही.

मी स्वतः पन्नाशीला बँकेतून व्हीआरएस घेऊन गुहागर तालुक्यात आलो. त्याला बरेच पावसाळे झाले, तेव्हा ‘राहून बघा मग बोला’ हे कृपया नको. पैशाचं जमतं. अडतं ते सकाळी साडेदहाला. त्या वेळेला गावातला प्रत्येक माणूस कुठेतरी असतो. कोणी फवारणीला, कोणी तालुक्याला तहसीलदाराकडे, कोणी चिऱ्याच्या ट्रकवर. पायरीवर बसलेले आपण एकटेच. येणारा-जाणारा विचारतो, ‘काय, सुट्टी टाकलीत?’ पहिल्या वर्षी हसून समजावून सांगतो. दुसऱ्या वर्षी त्या वेळेला आत जाऊन बसतो. माझ्याबाबतीत तर गावाने निकालच लावला होता की काहीतरी अफरातफर केली म्हणून बँकेने काढला. दिवाळीला चुलतभावाने बाजूला घेऊन ‘केस चालू आहे का रे?’ असं हळूच विचारलं.

आणि जून लागल्यावर काय होतं ते त्या पोस्टीत कसं नाही? कपाट उघडलं तर ऑफिसच्या बुटांवर आणि कातडी पट्ट्यावर हिरवट बुरशी. मिठाला पाणी, पापडाला वास, लाईट गेली की इन्व्हर्टर संपेपर्यंतच फोन. समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. वाचन करायला पुस्तक उघडलं की पानं ओली.

नोकरी सोडायची तर खुशाल सोडा. पण आधी बिनपगारी रजा टाकून अख्खा जुलै इथे काढा. मग राजा व्हा.

निवांत_राजापूर

काका, रागावू नका, पण तुमचं दुखणं कोकण नाही. तुम्हाला ‘साहेब’ म्हणणारं कोणी उरलं नाही हे तुमचं दुखणं आहे. बँकेत केबिन होती, घंटी होती, चहा टेबलावर यायचा. इथे घंटी वाजवून कोण येणार?

मी ४७ ला औषध कंपनी सोडली. ‘सुट्टी काय?’ मलाही विचारतात. मी ‘हो, कायमची’ म्हणतो, विषय संपतो. माझे वडील ५८ पर्यंत राबले. गावचं घर नवं बांधायला काढलं आणि त्याची वास्तुशांत आम्ही त्यांच्या फोटोसमोर केली. तेव्हाच ठरवलं होतं की आपण ५८ ची वाट बघायची नाही. तुम्ही मला बुरशी लागलेले बूट दाखवताय. अहो, ते बूट टाकून द्या ना! कशाला ठेवलेत?

दिवस जात नाही म्हणता, तर घराचं काम काढा. मी आल्या आल्या वरचा पत्रा काढून पुन्हा मंगलोरी कौलं चढवली. वासे, रिपा सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. आता मे महिन्यात माजघरात पंखा लागत नाही.

आकडेमोड

दोघेही भावनेत वाहताय. ‘पैशाचं जमतं’ हे वाक्य व्हीआरएसवाल्यांनी इतरांना सांगू नये, तुमच्या हातात एकरकमी पैसे आले होते. खासगीतल्या माणसाची ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन ५८ ला सुरू होते. पन्नाशीपासून लवकर घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके वर्षाला ४ टक्के कापून, आणि ती कपात जन्मभर. मुळात रक्कम तरी केवढी? १५ हजारांच्या मर्यादेवर पगार धरला तर ३५ वर्षं नोकरी करून साडेसात हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० ला. ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना सवलत आहे, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरावे लागतात. ४६ ला राजीनामा देणाऱ्याला ती लागू नाही, त्याने साठीपर्यंत थांबावं.

आणि वीस हजारांत दवाखाना धरलाय का? आमच्या शेजाऱ्यांना रात्री छातीत कळ आली. पाऊस चालू, अणुस्कुरा घाटात दरड आलेली, म्हणून लांबच्या वाटेने कोल्हापूर गाठलं. वाचले, ते नशीब. मुंबईकडे न्यायचं म्हटलं तर महामार्गाचं सांगायला नको. पनवेल-इंदापूर टप्प्याला २०११ मध्ये हात घातला, तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आता कॉलेजात आहेत.

मालगुंडची_सून

वा! तिघेही पुरुष, तिघांनाही ‘माझा दिवस कसा जातो’ याचीच चिंता. आता आमचं ऐका.

आमच्याकडेही ‘आपण’ रिटायर व्हायचं ठरलं. म्हणजे यांनी व्हायचं आणि मी पतपेढीतली माझी चांगली चाललेली नोकरी सोडून मागोमाग यायचं. यांची निवृत्ती, तिचा निरोप समारंभ झाला, शाल-नारळ मिळाला. माझी ‘सोडली’. ठाण्याला धुणंभांड्याला बाई होती, पोळ्यांना बाई होती. इथे पंपाचं पाणी कधी येतं ते बघण्यापासून पातेरा गोळा करण्यापर्यंत मीच. मे महिन्यात घराचं लॉज होतं, सगळ्यांना ‘तुमच्याकडचा निवांतपणा’ अनुभवायचा असतो. बारा माणसांच्या पंक्ती, आणि हे ओटीवर पाहुण्यांना सांगत असतात की शहरात माणूस जगायचंच विसरतो.

शिवाय पूर्वी सकाळी नऊ ते रात्री आठ घर माझं होतं. आता कुकरच्या शिट्ट्या मोजायला एक अधिकारी बसलेला आहे. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या, फ्रिजमधल्या कप्प्यांची वाटणी झाली. ‘धणे संपायला आलेत, तुला कल्पना आहे का?’ असं मला विचारतात!

पडवीतले भाऊ, तुमचं साडेदहाचं दुःख वाचून हसू आलं. त्या साडेदहाला तुमच्या घरात आत काय चाललं होतं ते लिहा कधीतरी.

पडवीतला

ताई, हे पटलं. आमच्याकडेही ‘तू रिटायर झालास, चूल झाली नाही’ हे ऐकवून झालंय. त्या दिवसापासून सकाळचा चहा मी करतो.

मालगुंडची_सून

चहा! फारच उपकार. भांडी कोण घासतं?

बागवाला_देवगड

राजापूरवाले, तुम्ही पत्रा काढून कौलं चढवलीत? तुमच्याकडे वानरं नाहीत का? की ती पण सोसायटीची परवानगी काढून येतात?

आमचा पिढीजात मांगर, म्हणजे बागेतलं घर, कौलारू होता. कळप एकदा वरून गेला की पन्नासेक कौलं खाली. हंगामाआधी शाकारायची, गणपतीत पुन्हा फुटलेली. शेवटी डोकं फिरून पत्रा घातला. हौसेने घातला नाही, कोणीच घातला नाही. आणि तुम्ही शहरातून येऊन सांगताय की कौलं किती गार असतात. आम्हाला माहीत नव्हतं होय? वानरांवर दगड मारून नुसता हात दुखतो, त्याहून जास्त काही करायचं तर वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आहे.

आणि मूळ विषयावर एकदाच बोलतो. तुमच्या असल्या पोस्टींनी रस्त्यालगतच्या कातळाचे भाव असे झालेत की इथल्या पोराला घरापुरती जागा घेता येत नाही. फवारणीला माणूस मिळत नाही, बागा राखायला नेपाळी गुरखे ठेवावे लागतात. त्यात तुम्ही येऊन ‘मला गवत काढायला गडी द्या’ म्हणून मजुरी वाढवून ठेवता. दोन वर्षांनी कंटाळून परत जाता, वाढलेली मजुरी इथेच राहते.

निवांत_राजापूर

मजुरी वाढली तर मजुराचं भलं झालं. त्याचं तुम्हाला वाईट वाटावं? आणि मी कुठून येत नाही. माझं नाव सातबाऱ्यावर आहे.

वानरांचं म्हणाल तर आमच्याकडेही आहेत. कौलांखाली लाकडी फळ्या मारल्या आहेत, फुटलं तरी घरात गळत नाही. पत्रा म्हणजे भट्टी. दुपारी दोनला पत्र्याखाली बसून दाखवा.

बागवाला_देवगड

सातबाऱ्यावर माझ्या आजोबांच्या चुलत्यांचीही नावं आहेत. निम्मे वारलेत, उरलेल्यांचे वारस बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत. नाव असणं वेगळं, इथे असणं वेगळं.

फळ्या मारल्यात म्हणे. फळ्यांचा खर्च सांगा की सगळ्यांना. वीस हजारांत बसतो?

श्रीवर्धनी

पत्र्याचं कौतुक करणाऱ्यांनी ३ जून २०२० ला आमच्याकडे असायला हवं होतं. निसर्ग वादळात पत्रे उडून वाडीतून फिरत होते. आमचा एक पत्रा शेजाऱ्यांच्या विहिरीत सापडला आणि त्यांचा कोणाचा तरी आमच्या माडावर. कौलंही गेली, पण कौल पडलं तर दारात पडतं, गळा कापत गावभर जात नाही.

सुपारीची अख्खी वाडी त्या दुपारी आडवी झाली. नवी लावली तर धरायला सहा-सात वर्षं. वडिलांचं वय तेव्हा ७४. ‘लावू या’ म्हणाले आणि लावली. लवकर निवृत्ती वगैरे ऐकलं की मला ते आठवतात. त्यांना कोणी निवृत्त केलंच नाही.

कुडाळचो_झील

पत्रो घाला नायतर सोन्याचा कौल घाला, माकडां दोनय जाग्यार नाचतली. पत्र्यार नाचली की ढोल वाजता, येवढोच फरक. आमच्या आजयेन माळ्यार डबो बांधून ठेवल्यान हा, दोरी वडली की वाजता. रिटायर माणसाक ह्यां काम द्या. साडेधाचो प्रश्न मिटलो.

आकडेमोड

सूचना: धागा निवृत्तीचा आहे, छपराचा नाही. जाता जाता, पत्रा घालायचाच तर खाली थर्माकोलची शीट लावा, तापमानात फरक पडतो.

मालगुंडची_सून

‘छपराचा नाही’ म्हणून पुढच्याच वाक्यात थर्माकोल. छान.

बागवाला_देवगड

थर्माकोलमध्ये उंदीर घरं करतात. ज्यांनी राहून बघितलेलं नाही त्यांनी सल्ले देऊ नयेत.

आकडेमोड

मी लांज्यात राहतो साहेब. जन्मापासून.

बागवाला_देवगड

मग तुम्हाला उंदीर माहीत असायला हवेत.

पडवीतला

जरा मूळ मुद्द्यावर येऊ. राजापूरवाले, तुम्ही ‘साहेब म्हणणारं कोणी नाही’ म्हणालात ते काल रात्री डोक्यात बसलं, मान्य करायला जिवावर येतंय. पण केबिनीतली घंटी नको होती मला. ‘तुम्ही सांगा, काय करू या?’ असं विचारणारं एक माणूस हवं होतं. गावात निर्णय आधीच झालेले असतात. पालखीला कोणी खांदा द्यायचा, कुंपणाचा गडगा कोणाच्या बाजूने सरकवायचा, वीस वर्षांपूर्वी ठरलंय. आपण त्या वीस वर्षांत ठाण्याला होतो. आता ग्रामपंचायतीचे अर्ज, पीक विम्याचे कागद लोकांना भरून देतो. साडेदहाला पडवीत दोन-चार माणसं असतात. पण हे जमायला वेळ गेला आणि ते त्या पोस्टीत नाही. माझा राग एवढाच आहे.

निवांत_राजापूर

म्हणजे जमलं ना! मग सुरुवातीला एवढं शिमग्यासारखं बोंबलायचं काय कारण होतं? लोकांना घाबरवून परत पाठवायचं? तुम्ही सुखात आहात आणि दुसऱ्याने सुखात आहे म्हटलं की जुलै, बुरशी, दरड.

पडवीतला

मी ‘जमलं’ म्हटलंय, ‘राजासारखा’ म्हटलेलं नाही. फरक कळत नसेल तर राहू द्या.

मालगुंडची_सून

भाऊ, पडवीत दोन-चार माणसं असतात ना? त्यांचा चहा कोण करतं? तुम्ही सकाळचा एकच करता ना?

पडवीतला

...ती करते.

मालगुंडची_सून

विचारून घेतलं. बाकी छपराचं म्हणाल तर आमच्याकडे पत्रा आहे आणि मी तो बदलू देणार नाही. जुलैत पाऊस लागला की स्वयंपाकघरात ओटीवरचं एक अक्षर ऐकू येत नाही.

निवांत_राजापूर

देवगडवाले, वाद राहू द्या बाजूला. परवाच्या कळपाने मागच्या पडवीची कौलं खाली आणली. हसायचं तर हसून घ्या. कौलं परतून देणारा कोणी तुमच्या माहितीत असेल तर व्यक्तिगत निरोपात नंबर टाका. आमचा नेहमीचा माणूस विरारला सिक्युरिटीत लागलाय, गणपतीशिवाय येत नाही म्हणाला.